रस्त्याकडची खिडकी

शहादा, ४ जून २०२४

गोकुळदादा,

तुझा फोन लागत नाही, म्हणून हे पत्र. आपल्या पाड्यावरचा रूपचंद परवा सुरतेला निघालाय, तुझ्याच साइटवर. त्याच्या हाती देतेय. तो म्हणाला, "भेटला तर देईन." भेटला तर असं का म्हणाला, ते मी विचारलं नाही.

आपल्या घराचं छप्पर उडालं. मे संपता संपता एका दुपारी तोरणमाळच्या बाजूने वारं सुटलं आणि आई अंगणात मोहाच्या बिया फोडत बसली होती तिच्या डोळ्यांदेखत अर्धी कौलं गेली. आढं मधोमध मोडलं. कोणाला लागलं नाही. आम्ही चौघांनी मिळून ताडपत्री बांधली, आता पावसाळा तिच्याखालीच काढायचा.

बाबांनी तुझं नाव घेतलं नाही. पण मोडक्या आढ्याचा तुकडा मांडीवर घेऊन बराच वेळ बसले होते. ते आढं तुम्ही दोघांनी जंगलातून आणलं होतं, मी शाळेत होते तेव्हा. मला आठवतं, तुझा खांदा सोलवटला होता आणि तू आईला दाखवत नव्हतास.

दिवाळीनंतर नवं छप्पर घालायचं ठरलंय, आणि त्याचा नकाशा मी करणार आहे. माझं काम तुला नीट ठाऊक नसेल, कारण मला नोकरी लागली तेव्हा तू निघून गेला होतास. भूपेशभाऊंच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर घरं उभी करते. परदेशातल्या घरांचं काम पुण्यामार्गे आमच्याकडे येतं. त्यात छपरं माझ्याकडे. तिकडे उतरत्या छपरातून एक खिडकी वर काढतात, तिला डॉर्मर म्हणतात. छपराच्या पाख्यातून एखादं छोटं घर डोकं वर काढून बाहेर बघतंय असं वाटतं. तिला स्वतःची दोन पाखी, स्वतःचं छोटं आढं. तिच्यामुळे माळ्याची खोली होते. अंधारात जिथे आपण कांदे आणि मका टाकतो, तिथे माणसाला राहता येतं.

आपल्याकडेही तशी काढायची माझ्या मनात आहे. वर एक खोली होईल. तुझ्यासाठी.

गेल्या वर्षीच्या होळीला तू आणि बाबा एकमेकांना जे बोललात ते बाबा विसरलेत. या वर्षी तू आलाच नाहीस. पुढच्या होळीला तरी ये.

आशा

शहादा, १८ ऑगस्ट २०२४

गोकुळदादा,

मागच्या पत्रात 'आम्ही चौघांनी' असं लिहून गेले. तू विचारलं नाहीस, पण विचारायला तू उत्तरच कुठे दिलंस. चौथी रमिलावहिनी आहे. संक्रांतीनंतर ती माहेराहून परत आली. तुझ्यामागे दोन वर्षं ती तिकडे होती. एक दिवस डोक्यावर गाठोडं घेऊन दारात उभी राहिली आणि आईला म्हणाली, "मी इथलीच आहे ना?" आईने गाठोडं उतरवून घेतलं. मी तुला आधी सांगितलं नाही, कारण वाटलं, ती आहे म्हणून तू यायचा नाहीस. आता वाटतं, ती आहे म्हणून तू येशील.

छपराचं मॉडेल झालं. मी शनिवारी लॅपटॉप घेऊन घरी गेले. त्याआधी ऑफिसात भूपेशभाऊंनी हसून घेतलं होतं. "आशा, हाई बर्फना देशनी खिडकी शे. तोरणमाळले कोण लावस?" मग म्हणाले, "कर, पण पहिले ऑफिसनं काम."

बाबा खाटेवर बसले, मी त्यांच्यापुढे घर फिरवून दाखवलं. चारी बाजूंनी, वरून, खालून. त्यांना गंमत वाटली. "आता आत ने," म्हणाले. मी वरच्या खोलीत नेलं, तर सगळा अंधार.

"खिडकी आहे ना? मग उजेड कुठे गेला?"

बाहेरून खिडकी छान दिसत होती, तिचं छप्परही मोठ्या छपराला नीट जुळलं होतं, पण मोठ्या पाख्याला तिच्यामागे भोक पाडायचं मी विसरले होते. म्हणजे काचेच्या आत कौलांची भिंत. नवीन मुलं हीच चूक करतात म्हणून मी त्यांना बोलते, आणि स्वतःच्या घरात माझ्याकडूनच झाली. तिथल्या तिथे भोक पाडलं, तशी खोलीत उन्हाची पट्टी पडली. आई पदर तोंडाला लावून हसायला लागली.

वहिनी लांब चुलीपाशी होती. मी बोलावलं तेव्हा हात पुसत आली. खूप वेळ बघून हळूच विचारलं, "यातून रस्ता दिसेल?"

मी खिडकी रस्त्याकडच्या पाख्यातच बसवली होती. घाटातून जीप वळते ते वळण तिथून सरळ दिसतं. "दिसेल," मी म्हटलं. ती पुन्हा चुलीकडे गेली, पण त्या दिवशी भाकरी थापताना गुणगुणत होती. दादा, तिला गाणं येतं हे मला तोवर माहीत नव्हतं.

आशा

शहादा, १० नोव्हेंबर २०२४

दादा,

रूपचंद दिवाळीला येऊन गेला. दोन्ही पत्रं तुला पोचली म्हणाला. "वाचली?" "वाचली. घडी करून खिशात ठेवली." "काही बोलला?" तर तो बुटाने माती उकरत राहिला.

मग त्याने आणखी बरंच सांगितलं. ते मी इथे लिहीत नाही. लोक सुरतेहून काहीबाही घेऊन येतात, कपडे आणतात तशा गोष्टीही आणतात. मी त्याला म्हटलं, हे घरात कोणाला सांगू नकोस. तो म्हणाला, "मी नाही सांगणार. पण तू तरी सांग."

मी सांगितलं नाही. संध्याकाळी वहिनीने विचारलं, रूपचंद काय म्हणत होता. माझ्या तोंडून निघून गेलं, "दादाने छपराची चौकशी केली. खिडकी कुठल्या बाजूला आहे ते विचारत होता." तिचा चेहरा असा फुलला की मला आणखी बोलावं लागलं. "होळीला येतो म्हणाला," मी म्हटलं.

आता ते खरं करणं तुझ्या हातात आहे. तू माझ्या शिक्षणासाठी सुरतेच्या उन्हात विटा वाहिल्यास. मी तुझ्याकडे कधी काही मागितलं नाही. आता मागते. होळीला ये. खाली बस, बाबांशी नको बोलूस, वर राहायला नको येऊस, पण एकदा ये आणि जे असेल ते स्वतःच्या तोंडाने सांग.

आशा

शहादा, २९ डिसेंबर २०२४

दादा,

हे पत्र रूपचंदच्या हाती नाही, पोस्टाने पाठवतेय. त्याच्याकडून खोलीचा पत्ता घेतला. त्याला सांगितलं होतं की मला तो पत्ता नको, पण शेवटी मीच मागितला.

धडगावकडच्या एका पाड्यावरून माणसं आली होती, वहिनीसाठी. तिचे वडील सोबत होते. माणूस चांगला आहे, बायको दोन वर्षांपूर्वी गेली, एक मुलगी आहे, शेत आहे. गोकुळ सोडून गेला म्हणजे सोडून गेला, असं वहिनीचे वडील बाबांना म्हणाले. भांडायला आले नव्हते. "लग्नातलं तुमचं काही देणं ठेवणार नाही, पंचांसमोर मिटवू. माझी मुलगी किती दिवस दुसऱ्याच्या दारात वाट बघणार?"

बाबा म्हणाले, "दार दुसऱ्याचं नाही. पण ती म्हणेल तसं."

वहिनीने मला घराच्या मागे नेलं. तुरीच्या काड्यांच्या ढिगाआड उभी राहिली आणि माझा हात धरला. "आशा, तू शिकलेली आहेस. मला खोटं सांगू नकोस. तो येणार आहे ना?"

त्या क्षणी मला सगळं सांगता आलं असतं. तो माणूस अंगणात बसला होता, त्याने बरोबर मुलीला आणलं होतं आणि आई तिला गूळ देत होती. मला दिसत होतं की हे घर वाईट नाही. पण वहिनी गेली तर आपल्या घरात तुझं म्हणून काही उरणार नाही, असंही वाटत होतं. मी म्हटलं, "होळीला येईल."

ती आत गेली आणि वडिलांना म्हणाली, "होळीपर्यंत थांबा." ते चिडले. तो माणूस उठला. जाताना मुलीला खांद्यावर घेतलं आणि बाबांच्या पाया पडून गेला.

दादा, आता तरी ये.

आशा

शहादा, १८ फेब्रुवारी २०२५

दादा,

छपराचं काम सुरू झालं. सुपडू मिस्त्री शहाद्याचे आहेत, लोखंडी पाइपचा सांगाडा करतायत. लाकूड आता कुठून आणायचं. मी मॉडेलचे कागद काढून दिले आहेत, प्रत्येक पाख्याचा उतार, वाशांमधलं अंतर. जिथे खिडकीचं छोटं छप्पर मोठ्या छपराला मिळतं तिथे दोन खोबणी होतात, सगळं पाणी त्यांच्यात उतरतं. तिथे पत्र्याची पन्हळ टाकायला सांगितलीय. ती टाकली नाही तर पहिल्याच पावसाळ्यात खोलीत पाणी.

मुख्य सांगाडा उभा राहिलाय. बाबा रोज खालून बघतात. मागच्या रविवारी शिडी चढून गेले, आईने ओरडा केला तरी उतरले नाहीत.

खिडकी मात्र होळीआधी होत नाही. वेल्डर पोरं सणासाठी महिनाभर आधीच घरी निघाली. सुपडूकाका म्हणाले, "ताई, खिडकीनं काम होळीनंतर. ती बाजू मोकळी ऱ्हाऊ दे." त्यामुळे रस्त्याकडचं पाखं तसंच उघडं आहे. वहिनी म्हणते, "बरं आहे, तो आल्यावर त्याच्यासमोर बसेल."

धडगावच्या त्या माणसाचं लग्न झालं. याच महिन्यात. वहिनीच्या माहेरून निरोप आला. ती फक्त "बरं झालं" म्हणाली.

काठी गावच्या होळीला आम्ही दोघी जाणार आहोत. सुरतेहून येणारी माणसं तिथेच आधी उतरतात. तिने नवी चोळी शिवलीय, स्वतःच्या हाताने.

आशा

शहादा, १७ मार्च २०२५

गोकुळदादा,

मी तुला पाहिलं.

होळी पेटून गेली होती, उजाडलं होतं. मोरपिसांच्या टोप्या घातलेले नाचे दमून जिथे तिथे बसले होते आणि ढोल अजून थांबत नव्हते. वहिनीला ओळखीच्या बायका भेटल्या म्हणून ती मागे राहिली आणि मी चहा घ्यायला पुढे आले. तू जिलबीच्या गाड्यापाशी होतास. दाढी ठेवलीस. तुझ्या खांद्यावर मुलगी होती, दीड-दोन वर्षांची, तुझे केस मुठीत धरून. शेजारी तिची आई. तिने तुझ्या शर्टाच्या कॉलरवरची राख झटकली.

रूपचंदने सगळं खरं सांगितलं होतं. मला दिवाळीपासून माहीत होतं, आणि तरी बघेपर्यंत मी ते माहीत करून घेतलं नव्हतं.

मी हाक मारली नाही. का, ते मला अजून नीट सांगता येत नाही. तू हसत होतास. मुलगी जिलबी मागत होती आणि तू तिला फुंकर मारून देत होतास. मला लहानपणी भाजलेलं कणीस तसंच द्यायचास. मी हाक मारली असती तर ते हसू गेलं असतं. आणि मागून वहिनी येत होती. मी वळले, तिला म्हटलं माझं डोकं दुखतंय, आणि गर्दीतून दुसऱ्याच बाजूने घेऊन गेले. ती जीपमध्ये शेवटपर्यंत मान मागे करून बघत होती. काठीपर्यंत आलास, दादा. तिथून घर तीन-चार तासांवर.

घरी पोचल्यावर दुसऱ्या दिवशी मी तिला सांगितलं. ती भिंत लिंपत होती. तिने ऐकून घेतलं, हात थांबवला नाही.

"मुलगा की मुलगी?"

"मुलगी."

बराच वेळ तिने पुन्हा पुन्हा एकाच जागी हात फिरवला. मग विचारलं, "तुला कधीपासून माहीत होतं?"

"दिवाळीपासून."

"माझ्यासाठी माणसं आली होती तेव्हाही?"

मी मान डोलावली.

"आणि तो होळीला येतो म्हणाला होता, ते?"

"ते मीच बनवलं होतं, वहिनी."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. शेणाचे हात तसेच धरून म्हणाली, "त्याचं मला कधीच कळलं होतं गं. आत कुठेतरी. पण मला वाटलं, या घरात तू तरी माझी आहेस."

त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. मी शहाद्याला परत आलेय. ऑफिसात एका परदेशी घराचं छप्पर समोर आहे, त्याला ओळीने तीन खिडक्या काढायच्या आहेत, आणि मला पहिली पण बसवता येत नाही. भूपेशभाऊ मागे येऊन उभे राहिले. "काय झायं वं बहीण? घर जाय दोन रोज." घरी जायचीच मला भीती वाटते, हे त्यांना कसं सांगू.

तुझा राग यायला हवा. येतोही. पण त्याआधी स्वतःचाच येतो. तू तिला सोडून गेलास. मी तिला धरून ठेवलं, ते तुझ्यासाठी.

आशा

शहादा, २७ एप्रिल २०२५

गोकुळदादा,

हे पत्र काही मागण्यासाठी नाही. घरात काय झालं ते तुला कळावं म्हणून.

होळीनंतर सुपडूकाका खिडकीचं काम करायला आले. मी रजा घेऊन घरी होते. ते म्हणाले, "ताई, रस्ताकडेच ना?" मी बाबांकडे बघितलं. बाबा ओसरीवर दोर वळत होते. मान वर न करता म्हणाले, "जिची खोली, तिला विचारा."

वहिनी दारात आली. मला वाटलं ती नाही म्हणेल, माहेरी जाते म्हणेल. तिने मला विचारलं, "तुझ्या त्या डब्यात खिडकी दुसरीकडे नेता येते?" एवढ्या दिवसांत मला उद्देशून तिचं पहिलं वाक्य.

"येते."

"मग तिकडून काढ. शेताकडच्या पाख्यात लाव. सकाळचं ऊन तिकडून येतं. मला शिवायला उजेड लागतो."

मी लॅपटॉप ओसरीवरच उघडला. रस्त्याकडची खिडकी काढून टाकली, तिच्यामागचं भोक बुजलं, पाखं सलग झालं. शेताकडच्या बाजूला नवी काढली, आढ्याची उंची जुळवली. वहिनी माझ्या खांद्याजवळ उभी होती. "आणखी थोडी रुंद," म्हणाली. रुंद केली. "आता आत ने." मी आत नेलं. ती बघत राहिली, मग पडद्यावर एका कोपऱ्याला बोट लावलं. "इथे मशीन."

सुपडूकाकांनी कुरकुर केली, कापलेले पाइप पुन्हा कापावे लागले. पण खिडकी झाली. कौलं चढली. खोलीत तिने आईचं जुनं शिलाई मशीन नेऊन ठेवलंय, पाड्यावरच्या बायका चोळ्या, लेंगे शिवायला देतात. सकाळी खालून मशीनचा आवाज ऐकू येतो.

बाबांनी तिच्या वडिलांना बोलावलं होतं. पंचांसमोर सांगितलं, "गोकुळचं आणि हिचं मिटलं. आजपासून ही माझी मुलगी. राहायचं तोवर राहील. कुठे जायचं म्हणाली तर आशाला पाठवीन तशी पाठवीन." वहिनीचे वडील रडले. बाबा नाही रडले. पण लोक गेल्यावर मला म्हणाले, "पोरी, तुला माहीत होतं तर मला सांगायचं होतंस. मी काय मेलो असतो?"

तू विचारशील की तिने मला माफ केलं का. ती माझ्याशी बोलते. जेवायला वाढते, ऑफिसचं विचारते, माझ्यासाठी एक कुर्ता शिवलाय. पण पूर्वी मी शनिवारी आले की ती वळणापर्यंत चालत घ्यायला यायची. आता येत नाही. मी चढण एकटी चढते आणि त्यात तिचं काही चुकलंय असं मला वाटत नाही. तो धडगावचा माणूस आठवतो. मुलीला खांद्यावर घेऊन गेला तो. वहिनी त्याच्याकडे सुखी झाली असती की नाही, कोण सांगणार. पण ते तिने ठरवायचं होतं, आणि ते मी ठरवलं.

तुझ्याबद्दल बाबा म्हणतात, यायचं तर यावं. ओसरीवर बसावं, जेवावं, दोघींना घेऊन यावं. वरची खोली मात्र आता त्याची नाही. मला वाटतं तू यावंस. लगेच नको. वहिनीला थोडे दिवस जाऊ दे.

आईला मी तुझ्या मुलीबद्दल सांगितलं तेव्हा ती उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं रागावली. पण आता रोज एकच विचारते, आणि काल ती विचारत असताना वहिनी शिडीवरून खाली येत होती. वहिनी पायरीवर थांबली आणि म्हणाली, "पत्रात विचार की त्याला. म्हातारी झुरते."

म्हणून विचारते, दादा. तिचं नाव काय ठेवलंस?

तुझी
आशा